आधी टप तपासा, मग सुई धरा

उघड्या टपाची जुनी गाडी बाळगणाऱ्याचा जीव बहुतेक वेळा इंजिनात अडकलेला असतो. कार्ब्युरेटर कुठल्या कंपनीचा, क्रोम कुणाकडून करून घेतलं, चाकांच्या तारा मूळच्या की बदललेल्या, यावर दिल्लीतल्या कुठल्याही रॅलीच्या मैदानात तास-तासभर बोलणं चालतं. टपाचा विषय निघत नाही, कारण त्या दिवशी तो खाली पाडलेला असतो. ‘द स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ पासून भरते आहे आणि तिथे अशा गाड्या मिरवतात त्या उघड्याच. वर्षाचे बाकीचे दिवस मात्र सीटची गादी, लाकडी डॅशबोर्ड आणि पायाखालचा पत्रा हे सगळं त्या दुर्लक्षित टपाच्या भरवशावर असतं.

टपाचं दुखणं तीन जागी असतं: दोऱ्यात, कापडात किंवा सांगाड्यात. दोरा कुजला असेल तर काम थोडक्यात आणि स्वस्तात आटोपतं. कापडच गेलं असेल तर ठिगळांवर घातलेला पैसा पाण्यात. आणि सांगाडा वाकडा असेल तर नवाकोरा टपही फार दिवस टिकत नाही. हे निदान कारागिराकडे जाण्याआधी स्वतः करा, कारण दुकानात बहुधा एकच औषध असतं आणि तेच सगळ्या आजारांवर दिलं जातं.

व्हिनाइलचा टप म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक. नळाच्या पाइपात असतं तसं. त्यात मऊपणा आणणारी तेलकट द्रव्यं मिसळली की ते घडी घेण्याइतकं लवचीक होतं. उन्हात आणि उष्णतेत ही द्रव्यं हळूहळू उडून जातात, थर आक्रसतो आणि घडीवर तडकतो. दिल्लीत हे पुण्या-मुंबईपेक्षा लवकर घडतं. मे-जूनमध्ये हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. काळा टप त्याहून किती तरी जास्त तापतो. तेच कापड जानेवारीच्या पहाटे चार-पाच अंशांत उभं असतं. शिवाय उन्हाळ्यातली आंधी. तिने आणलेली बारीक रेती कापडाच्या रव्यात बसते आणि टप घडी केला की दोन थरांच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करते. दिल्लीचा पावसाळा लहान, पण ओला टप घडी करून ठेवायची चूक एकदा झाली तरी आतल्या कापडाला बुरशी धरते आणि ते काळे ठिपके मग निघत नाहीत.

तपासणीला दोन माणसं हवीत. अंधार पडल्यावर टप लावून एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून जोरदार टॉर्च टपावर हळूहळू फिरवायचा. शिवणीच्या ओळीत उजेडाचे ठिपके दिसले तर प्रश्न दोऱ्याचा आहे. मधल्या सपाट भागात, जिथे शिवण नाही तिथे चांदण्यासारखे ठिपके पसरलेले दिसले तर थराला आरपार भेगा पडल्या आहेत. मग दुपारी, कापड कोमट असताना, कोपऱ्याजवळचा थोडा भाग चिमटीत धरून हलकेच दुमडा. वरचा थर नुसता सुरकुतला तर त्यात अजून जीव आहे. भेग पडून खालचे धागे दिसले तर त्या टपावर खर्च करू नका. नव्याची तयारी करा.

सांगाडा तपासायला खडू पुरतो. काचांना टेकणाऱ्या रबरी बीडिंगला खडू फासा, दारं लावा, काचा वर चढवा आणि पुन्हा उघडून काचेच्या कडेवर खडू कुठे लागला ते पाहा. एका बाजूला सलग रेघ आणि दुसऱ्या बाजूला मध्येच कोरं असेल तर सांगाड्याच्या कमानी सरळ नाहीत, किंवा दारच बिजागरीतून खाली बसलं आहे. गळती शोधतानाही घाई नको. पाइपाचा जोरदार फवारा मारला की पाणी कुठूनही आत शिरतं आणि काहीच कळत नाही. खालच्या कडेपासून सुरुवात करून झारीने थोडं थोडं पाणी घालत वर जा; आत बसलेल्याने पहिला थेंब कुठे आला ते सांगायचं. पुष्कळदा गळका म्हणून बदनाम झालेला टप धडधाकट असतो आणि दोष असतो मागच्या पन्हळीत साचलेल्या पानांचा. पन्हळ तुंबली की पाणी कार्पेटखाली जातं आणि पत्रा गंजतो. पन्हळीची तेवढी नळी मऊ तारेने साफ करून पाहा, मग पुढचं.

आता दोरा. जुन्या टपांची शिवण बहुधा सुती दोऱ्याची असते. उन्हापावसात दोरा आधी कुजतो आणि कापड त्यानंतर बरीच वर्षं टिकतं, त्यामुळे नुसत्या उसवण्यावरून टप बाद करू नका. इथे एकच नियम काटेकोरपणे पाळायचा: नवं भोक पाडायचं नाही. टप उतरवून सरळ मशिनखाली घातला की जुन्या भोकांच्या शेजारी नव्या भोकांची रांग उभी राहते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं कापड त्या रांगेवर फाटतं. म्हणून हाताने शिवायचं. उन्हात टिकणारा जाड पॉलिएस्टर दोरा घ्या, त्याला मेण लावा आणि दोन सुयांचा टाका घाला. एक सुई बाहेरून आत, दुसरी त्याच भोकातून आतून बाहेर. प्रत्येक टाक्याला दोन्ही टोकं सारख्याच जोराने ओढायची. भोक लांबट झालं तर ओढ जास्त झाली असं समजा. चामड्याची धारदार टोकाची सुई वापरू नका, ती कापडाचे धागे कापते. गोल टोकाची, शक्यतो वाकडी सुई बरी. उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं पुढेपर्यंत चांगल्या शिवणीवरूनही टाके न्या, म्हणजे जुना दोरा पुढे सुटत जाणार नाही. शेवटी बाहेरून शिवणीवर पातळ, सुकल्यावरही लवचीक राहणारं सीलर बोटाने भरा. माझं मत विचाराल तर हे काम गादीवाल्यापेक्षा मोची चांगलं करतो. दोन सुयांचा हात त्याच्या रोजच्या सरावातला असतो.

चीर लहान असेल, म्हणजे बोटभर, आणि घडीच्या रेषेवर नसेल तर ठिगळ टिकतं. ठिगळ नेहमी आतून. चिरेभोवतालचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. त्याच जातीच्या कापडाचा तुकडा कापा, चारी कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. चिरेच्या सगळीकडे इंचभर तरी ठिगळ पुढे यायला हवं. बाहेरून चिरेच्या कडा एकमेकींना भिडवून चिकटपट्टीने धरून ठेवा, आतून ठिगळ लावा, वर-खाली मेणकागद ठेवून दोन फळ्यांमध्ये दाबा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

प्रश्न येतो तो चिकटवायचं कशाने याचा. करोल बागेत कुठल्याही गादीवाल्याला विचारा, उत्तर ठरलेलं: ‘एसआर लगा देंगे.’ सीटच्या कामात सिंथेटिक रबराचं ते सोल्यूशन उत्तम आहे. पण व्हिनाइलमधली मऊपणाची द्रव्यं या जातीच्या गोंदात उतरतात आणि त्याला मऊ-चिकट करून टाकतात. उन्हाळ्यात ठिगळ सरकू लागतं. लवचीक व्हिनाइलसाठी म्हणून बनवलेला किंवा पॉलियुरेथेनचा गोंद मागून घ्या. क्षणात चिकटणारा गोंद तर नकोच. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी भेग जाते. नळजोडणीचं पीव्हीसी सिमेंटही नको. ते कडक पाइपासाठी आहे. भेगा बुजवायची पेस्ट आणि रंगाचा स्प्रे ही बाजारातली आणखी दोन आकर्षणं. सपाट भागावर, जिथे घडी पडत नाही तिथे, ती दिसायला चालतात. घडीवर पहिल्या काही उघडझापीतच तडकतात, आणि रंगाखाली दडलेली भेग पुढे कुणालाच नीट दुरुस्त करता येत नाही.

मागची पारदर्शक खिडकी बहुतेक गाड्यांत टपाच्या आधी जाते. पिवळी पडलेली किंवा धुरकट झालेली असेल तर भरपूर पाण्याने धुऊन प्लॅस्टिकचं पॉलिश मऊ फडक्याने हलक्या हाताने फिरवल्यावर बरीच सुधारते. कोरड्या फडक्याने एकदा जरी पुसली तरी दिल्लीच्या धुळीने तिच्यावर ओरखडे उठतात. घरातल्या काचांचं अमोनिया असलेलं क्लीनरही तिला चालत नाही. ती तडकलीच असेल तर तेवढीच बदलून घेता येते, अट तीच: जुन्या भोकांतून शिवण. नवी पारदर्शक शीट किमान अर्धा मिलिमीटर जाडीची असावी. टेबलावर अंथरायला मिळते ती पातळ शीट पहिल्याच उन्हाळ्यात लाटा मारते. टप खाली पाडताना खिडकीच्या घडीत जुना मऊ टॉवेल घालायची सवय लावून घ्या.

इथवरचं सगळं घरी किंवा मोच्याकडे होतं. कापड बदलायची वेळ आली की मात्र दिल्लीचा बाजार गाठायला हवा आणि तिथे नेमकं काय मागायचं हे ठाऊक हवं. करोल बागेत सीट कव्हरवाल्यांच्या रांगा आहेत, काश्मिरी गेटला स्पेअर पार्ट, मायापुरीत जुन्या गाड्यांचा निघालेला माल, कीर्ती नगरला फर्निचरच्या रेक्झिनचे गठ्ठे. तरीही सीट शिवणारा आणि टप शिवणारा हे दोन वेगळे कारागीर आहेत. सीटच्या रेक्झिनला मागे होजियरीसारखं ताणणारं कापड असतं. गादीच्या गोलाईवर बसायला ते तसंच हवं. टपाला हवं विणलेलं, न ताणणारं आणि उन्हासाठी बनवलेलं. सीटचं रेक्झिन टपाला घातलं की पहिल्या पावसात मध्ये झोळ पडतो आणि त्यात पाणी साचतं. दिल्ली आणि आसपास, म्हणजे एनसीआरमध्ये, या कामाचा हात असलेली माणसं शोधायची तर जीप आणि जिप्सीचे हुड शिवणाऱ्यांकडे जा. मारुती जिप्सी १९८५ पासून इथेच गुरुग्रामच्या कारखान्यात बनत होती. कापडाचा टप कमानींवर ताणून बसवणं ज्यांच्या रोजच्या कामात आहे अशी माणसं सापडायची ती याच गाड्यांच्या आसपास.

कापड पसंत पडलं तरी लगेच थान घेऊ नका. वीतभर नमुना मागून आणा, त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि गच्चीवर उन्हात महिनाभर ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरले की रंग उडाला का, कडकपणा आला का, ते कुणाच्या हमीपेक्षा स्पष्ट कळतं. एमजी, मॉरिस मायनर, जुन्या अमेरिकन गाड्या यांचे मॉडेल आणि सालानुसार तयार शिवलेले टप ब्रिटन-अमेरिकेतून मागवता येतात. अमेरिकेतली हार्ट्झ ही कंपनी टपाच्या कापडासाठी नावाजलेली आहे. कस्टम ड्यूटी धरून ते महाग पडतात, पण गाडी मौल्यवान असेल आणि सांगाडा मूळचा असेल तर मी तोच खर्च करायला सांगेन.

मात्र सांगाडा मूळचा आहे का, हा प्रश्न दिल्लीत जरा नाजूक आहे. इथल्या उघड्या गाड्या मुख्यतः दोन वाटांनी आल्या. काही संस्थानिकांच्या गॅरेजमधून. काही दूतावासांतल्या अधिकाऱ्यांच्या, त्यांनी देश सोडताना स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या. आयातीवर कडक बंधनं होती, सुटे भाग मिळत नव्हते, त्यामुळे तीन-चार दशकं जे हाताशी येईल त्यावर निभावलं गेलं. आज तुमच्या गाडीवर असलेला टप दुसरा किंवा तिसरा असण्याचीच शक्यता जास्त. कारागीर तो उसवून त्याचाच फर्मा करतो, आणि मागच्याने जिथे दोन बोटं कमी कापलं होतं तिथे नव्यातही दोन बोटं कमी पडतात. जुना टप उतरवण्याआधी तो गाडीवर कसा बसतो याचे चहूबाजूंनी फोटो काढा, जिथे चुण्या पडतात किंवा कापड तटतटतं तिथे खडूने खुणा करा आणि या जागी फर्मा दुरुस्त करायचा हे कारागिराला दाखवून द्या. शिवण्याआधी साध्या मांजरपाटाचा कच्चा टप कमानींवर घालून पाहायचा आग्रह धरा. मांजरपाट स्वस्त आहे. जुना टप मात्र टाकू देऊ नका. तो गुंडाळून घरी आणा.

कापड उतरलं की सांगाडा पहिल्यांदा उघडा दिसतो आणि खरं काम तिथे असतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत कमानी आणि खिळे ठोकायच्या पट्ट्या लाकडी असतात. त्यात वाळवी किंवा कूज असेल तर खिळा धरत नाही. बिजागऱ्यांतली रेती काढून तेलाचा एकेक थेंब द्या आणि उरलेलं पुसून घ्या, नाहीतर तेच तेल नव्या अस्तरावर उतरेल. मोठ्या अमेरिकन गाड्यांत टप हायड्रॉलिक पंपावर वरखाली होतो. त्यातली ऑइलची पातळी आणि सिलिंडरजवळची गळती याच वेळी बघून घ्यावी. सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते दोन बाजूंचे पट्टे. पुढच्या कमानीपासून मागच्यापर्यंत गेलेले हे पट्टे कमानींमधलं अंतर ठरवतात. ते सैलावले की कमानी पुढे-मागे सरकतात आणि नवा टप यमुना एक्स्प्रेसवेवर ढोलासारखा वाजू लागतो. इकडे या पट्ट्यांना सर्रास खाटेची सुती नवार लावतात. सुती नवार ओलीने आक्रसते आणि उन्हाने सैल पडते. सीटबेल्टच्या जातीचा पॉलिएस्टर पट्टा लावायला सांगा. किमतीतला फरक नगण्य आहे.

बसवताना मध्यरेषा आधी. कापडाच्या आणि प्रत्येक कमानीच्या मध्यावर खडूची खूण हवी, दोन्ही जुळल्याशिवाय एकही खिळा पक्का ठोकायचा नाही. मागची बाजू आधी धरून मग कापड पुढच्या काचेच्या चौकटीकडे ओढत नेतात. कच्च्या चुका मारून टप दोन-तीनदा उघडून मिटून पाहतात आणि मगच पक्कं करतात. पिना स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या पिना पहिल्या पावसात गंजतात आणि कडेला तांबडे ओघळ येतात.

हे काम कधी करायचं याला दिल्लीत फार महत्त्व आहे. मेमध्ये कापड उन्हाने मऊ पडलेलं असतं. कारागीर ते भरपूर ताणतो, छान सुरेख दिसतं. जानेवारीत तेच आक्रसतं, टपाची पुढची कड चौकटीपर्यंत पोचत नाही आणि ओढाताणीत शिवण जाते. उलट डिसेंबरच्या थंडीत बसवलेला टप ताठर कापडामुळे सैल राहतो आणि उन्हाळ्यात फडफडतो. हवा २० ते ३० अंशांच्या दरम्यान असते असे दोनच मोसम हाती आहेत: दिवाळीच्या आसपासचा आणि होळीच्या आधीचा. बसवल्यावर काही आठवडे टप लावलेलाच ठेवा, घडी करू नका, म्हणजे तो कमानींवर आपला आकार धरेल. आधीचाच टप हिवाळ्यात आखडून चौकटीला लागत नसेल तर ताकद लावू नका. गाडी दुपारच्या उन्हात तासभर उभी करा, मग खटके अलगद लागतात.

कारागिराकडे गाडी न्यायची तर कागदही बरोबर हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशानंतर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत एनसीआरमध्ये कडक धोरण आलं आणि त्यात पुढेही बदल होत गेले, तेव्हा निघण्याआधी सध्याचा नियम पाहून घ्या. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. टपाचं काम देखभालीतच मोडतं. ऐंशीच्या दशकातली जिप्सी अजून पन्नाशीला पोचलेली नाही, तिला ही वाट खुली नाही. तिचा कारागीर घरी बोलावलेला बरा.

नवा टप बसल्यावर त्याला फारसं काही लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा धूळ आधी पाण्याने वाहू द्यावी आणि मग सौम्य शाम्पू व मऊ ब्रशने धुवावं. पेट्रोल, रॉकेल, थिनर आणि ब्लीच यांपैकी कशाचाही थेंब लागू देऊ नये. चकचकीत करणारी सिलिकॉनची तेलं टाळावीत. त्यांवर धूळ आणखी चिकटते आणि पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर गोंद धरत नाही. उन्हापासून वाचवणारं, पाण्यासारखं पातळ प्रोटेक्टंट उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा लावलं तरी पुरे. गाडीची खोळ घेताना हवा खेळती राहील असं कापड पाहा. प्लॅस्टिकची ताडपत्री घातली तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यातली ओल तिच्याखाली अडकून राहते, आणि नवं अस्तर पहिल्याच हिवाळ्यात बुरसटतं.